रथ कोणता आणि कोणाचा ?

मनुष्याला आपण कोण हें सांगावयास तोंड असतें, गाईगुरांना डाग देतां येतो, शेताला चतुःसीमा असतात. परंतु एकाच कारखान्यांतून, एकाच बेताची, एकाच रंगाची अशीं हजारों यंत्रें बाहेर पडूं लागलीं, म्हणजे त्यांतील अमुक एक यंत्र 'तेंच' आहे, त्याच्या शेजारचें नव्हे, हें कोणीं व कशाच्या आधारानें सांगावें ? मोटारगाडी रस्त्यावर आली तेव्हां हा प्रश्न कोणास फारसा सुचला नव्हता. आज जुन्या मोटारींना रत्नांचें मोल आलें आहे, आणि तोच प्रश्न जगांतील न्यायालयांपुढें वारंवार येत आहे. गाडी नवी असतां तिचे कागद हा कारकुनाचा विषय असतो. ती साठसत्तर वर्षांची झाली म्हणजे तोच इतिहासाचा विषय होतो. म्हणूनच मोटारींच्या शौकिनांवर सोंपवून देण्यासारखा हा विषय नाहीं, असें आम्हांस वाटतें.

या विषयांत दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात, ते आधीं सोडवून घेतले पाहिजेत. पहिला, 'ही गाडी कोणती ?' आणि दुसरा, 'ही गाडी कोणाची ?' पहिल्याचें उत्तर लोखंडावर ठोकलेला क्रमांक देतो; दुसऱ्याचें उत्तर कागदावर लिहिलेलें नांव देतें. दोन्ही उत्तरें जुळलीं तर भांडण नाहीं. परंतु लोखंड झिजतें, मोडतें, बदललें जातें. आणि कागद हरवतो, फाटतो, प्रसंगीं खोटाहि केला जातो. लोखंड एक सांगतें आणि कागद दुसरें, अशी स्थिति आली म्हणजे कोणावर विश्वास ठेवावा, हाच सारा वाद.

वाद नवा असला तरी कोडें फार जुनें आहे, आणि आमच्याच देशांत तें चांगलें मांडलें गेलें आहे. इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांत सागल म्हणजे आजचें सियालकोट येथें राज्य करणारा यवन राजा मिलिंद आणि भिक्षु नागसेन यांचा संवाद पालि ग्रंथांत आला आहे. राजा रथांतून आला होता. नागसेनानें त्यास विचारलें कीं, रथ म्हणजे आंस काय ? चाकें काय ? दांडी काय ? कीं हीं सर्व मिळून ? राजानें प्रत्येकास नाहीं म्हटलें, आणि अखेरीस कबूल केलें कीं, या सर्व अवयवांच्या आश्रयानें 'रथ' हें एक नांव व्यवहारांत चालतें, इतकेंच. ग्रीसमध्यें प्लुटार्कनें हीच शंका थीसियसच्या जहाजाविषयीं नोंदली आहे. अथेन्सच्या लोकांनीं तें जहाज जपतांना कुजलेली फळी काढून नवी बसविण्याचा क्रम चालविला. मग तें जहाज तेंच राहिलें कीं नाहीं? पुढें इंग्लंडांत हॉब्जनें १६५५ च्या आपल्या ग्रंथांत या शंकेला एक नवा फांटा फोडला. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी एकानें जपून ठेवल्या व त्यांचें दुसरें जहाज जोडलें, तर दोहोंपैकीं थीसियसचें जहाज कोणतें ? हॉब्जला हें तर्कशास्त्राचें उदाहरण वाटलें असेल. परंतु आज जुन्या शर्यतीच्या गाड्यांच्या बाजारांत हॉब्जचीं दोन्ही जहाजें आढळतात. एकाजवळ जुना सांगाडा, दुसऱ्याजवळ जुनें इंजिन, आणि दोघांच्याहि गाडीवर क्रमांक मात्र एकच !

हे क्रमांक आले कोठून तें पाहूं. रस्त्यावरील गाडीला पाटी लावण्याची सक्ति प्रथम फ्रान्सनें केली. १४ ऑगस्ट १८९३ च्या पॅरिसच्या पोलिसी हुकुमानें गाडीवर मालकाचें नांव, पत्ता व परवान्याचा क्रमांक असावा असें ठरलें. अमेरिकेंत न्यूयॉर्क राज्यानें १९०१ मध्यें नोंदणी सुरू केली, तेव्हां मालकानें आपल्या नांवाचीं आद्याक्षरें गाडीवर लावलीं तरी चालत असे. इंग्लंडांत १९०३ चा मोटारगाड्यांचा कायदा १ जानेवारी १९०४ पासून अमलांत आला आणि जिल्ह्याजिल्ह्यांच्या कौन्सिलांनीं आपापल्या नोंदवह्या उघडल्या. हिंदुस्थानांत १९१४ सालीं मोटारगाड्यांचा पहिला देशव्यापी कायदा झाला. त्याची जागा १९३९ च्या कायद्यानें आणि त्याचीहि पुढें १९८८ च्या कायद्यानें घेतली.

या सर्व व्यवस्थेंत एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पाटीचा मूळ हेतु गाडी ओळखणें हा नव्हताच. धूळ उडवीत, कोंबड्या चिरडीत पळून जाणारा गाडीवाला ओळखणें हा होता. सरकारला मालक पकडावयाचा होता, दंड वसूल करावयाचा होता, आणि पुढें कर घ्यावयाचा होता. हा प्रकार आमच्या महाराष्ट्रांतील वाचकांस सातबाऱ्याच्या उताऱ्यावरून सहज कळेल. सातबाऱ्यावर नांव आहे म्हणून जमीन निर्विवादपणें त्याचीच, असें न्यायालय मानीत नाहीं. ती नोंद सरकारी साऱ्यासाठीं असते आणि मालकीचा केवळ एक पुरावा ठरते. मोटारीचें नोंदणीपत्रहि तसेंच. इंग्लंडांत १९२१ पासून प्रत्येक गाडीस एक लहानसें नोंदणीपुस्तक मिळूं लागलें. त्यांत एकामागून एक मालकांचीं नांवें चढत. परंतु तें पुस्तक म्हणजे मालकीचा दाखला नव्हे, गाडी बाळगणाराची नोंद होय, ही भूमिका तेथील सरकारनें कधींच सोडली नाहीं.

गाडीच्या अंगावरचा क्रमांक हा कारखानदारानें आपल्या सोयीसाठीं घातलेला. कोणी तो इंजिनावर घाली, कोणी सांगाड्यावर, कोणी पितळेच्या पट्टीवर कोरून ती पट्टी दोन खिळ्यांनीं बसवी. अमेरिकेंतील कित्येक राज्यांनीं मालकीपत्र देण्यास आरंभ केला तेव्हां त्यांनीं इंजिनाचा क्रमांक हाच गाडीचा क्रमांक धरला, आणि येथेंच पुढील घोटाळ्याचें बीज पडलें. फोर्डच्या 'मॉडेल ए' या गाडीचें उदाहरण घ्या. १९२७ च्या अखेरीपासून सुमारें चार वर्षांत अशा ४८ लक्षांवर गाड्या झाल्या. कारखान्यांत इंजिनावर जो क्रमांक ठोकीत, तोच सांगाड्याच्या डाव्या पट्टीवरहि ठोकीत. परंतु त्यावर गाडीचा वरचा सांटा बसला म्हणजे तो झांकून जाई. मालकाला, कारकुनाला व पोलिसाला दिसे तो इंजिनावरचाच. इंजिन हा तर गाडीचा सर्वांत लवकर थकणारा अवयव. दहा-पंधरा वर्षांत तें बदललें जाई. कोणी नव्यावर जुनाच क्रमांक ठोकी, कोणी ठोकीत नसे, कोणी कचेरींत जाऊन कागद फिरवून घेई. परिणाम असा कीं, आज एखादी प्रामाणिक घराण्यांत तीन पिढ्या नांदलेली गाडी तपासली, तर कागदावर एक क्रमांक, इंजिनावर दुसरा, आणि सांटा उचलून पाहिल्यास सांगाड्यावर तिसरा, असें त्रिकूट दिसतें. यांत चोरी कोणीच केलेली नसते; केवळ एका अवयवाला सबंध देहाचें नांव दिल्याचें तें फळ असतें.

उलटपक्षीं इंग्लंडची दृष्टि पाहा. गाडींत फार फेरफार झाले असतां तिला जुनी ओळख ठेवूं द्यावी कीं नाहीं, हें ठरविण्यासाठीं तेथील खात्यानें गुण देण्याची पद्धति घातली. मूळ सांगाड्यास पांच गुण; आंस, कमानी, सुकाणू व गिअरची पेटी यांस प्रत्येकीं दोन; आणि इंजिनास अवघा एक ! मूळच्या सांगाड्यासह आठ गुण भरले तर गाडी तीच ठरे. न भरल्यास तिला जुनी पाटी मिळत नसे, 'क्यू' अक्षराची, म्हणजे कुलशील अज्ञात असलेल्या गाडीची पाटी मिळे. अटलांटिकच्या एका तीरावर जें सर्वस्व, तें दुसऱ्या तीरावर चौदांत एक. नागसेनाच्या प्रश्नाला दोन सरकारांनीं दोन उत्तरें दिलीं, आणि दोन्ही कायदेशीर !

अमेरिकेंत ही अव्यवस्था मोडण्याचें काम हळूहळू झालें. १९१९ सालीं चोरलेली गाडी एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत नेणें हा मध्यवर्ती सरकारचा गुन्हा ठरला. १९५० नंतरच्या दशकांत कारखानदार सबंध गाडीला एकच ओळख-क्रमांक देऊं लागले. आणि १९८१ च्या गाड्यांपासून सतरा अक्षरांचा, एकाच ठराविक रचनेचा क्रमांक सक्तीचा झाला. त्यांत आय, ओ, क्यू हीं अक्षरें वर्ज्य, कारण तीं एक व शून्य यांसारखीं दिसतात. आणि नववें स्थान हें बाकीच्या सोळांवरून गणितानें निघतें, त्यामुळें मनानें बनविलेला क्रमांक बहुधा तेथेंच उघडा पडतो. १९८१ पूर्वींच्या गाड्यांना मात्र हें कवच नाहीं. जुन्या गाड्यांचे सारे तंटे या रेषेच्या अलीकडील नव्हेत, पलीकडील आहेत.

तरीपण जुने क्रमांकहि वाचतां आले तर पुष्कळ बोलतात. १९६८ च्या 'बुलिट' या चित्रपटांत स्टीव्ह मॅक्वीन यानें सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर जी हिरवी मस्टँग हांकली, ती पुढें अनेक वर्षें लोकांच्या दृष्टीआड होती. तिचा क्रमांक ८ आर ०२ एस १२५५५९. त्यांतील आठ म्हणजे १९६८ सालची. आर म्हणजे कॅलिफोर्नियांतील सॅन होजे येथील कारखाना. ०२ म्हणजे मागें उतरत्या छपराचा सांटा. एस म्हणजे मोठें इंजिन. आणि उरला तो अनुक्रम. चित्रपटासाठीं घेतलेल्या दुसऱ्या मस्टँगचा अनुक्रम याच्या लगतचा, १२५५५८. ती पुढें मेक्सिकोंत सांपडली. परंतु क्रमांकानें एवढेंच सिद्ध होतें कीं, ही गाडी अमुक दिवशींच्या रांगेंतील अमुक आहे. तिची कीर्ति सिद्ध होण्यास कागदांची सांखळी लागली. ज्या घराण्यानें ती १९७४ मध्यें विकत घेतली त्यानें ती मोडली नाहीं, रंगविली नाहीं, कागद टाकले नाहींत. आणि ती परत विकत घेण्यासाठीं खुद्द मॅक्वीननें १९७७ सालीं धाडलेलें पत्रहि जपून ठेवलें. २०२० च्या जानेवारींत ती लिलांवांत ३४ लक्ष डॉलरच्या बोलीस गेली. ही किंमत लोखंडाची नव्हे. न तुटलेल्या सांखळीची होय.

आतां दुसरा प्रश्न, 'कोणाची ?' येथें युरोपांतील दोन कायदेपरंपरा एकमेकींकडे पाठ करून उभ्या आहेत. इंग्रजी परंपरेचा सामान्य नियम असा कीं, ज्याचें जें नाहीं तें त्यास देतां येत नाहीं. चोरानें विकलेली वस्तु प्रामाणिक गिऱ्हाइकानें पुरी किंमत मोजून घेतली, तरी तिच्यावर त्याची मालकी बसत नाहीं. आमच्याकडील १९३० च्या मालविक्रीच्या कायद्यांत, सत्ताविसाव्या कलमांत, हेंच तत्त्व घातलें आहे. फ्रान्सनें १८०४ च्या संहितेंत उलट मार्ग धरला व बेल्जममध्येंहि तोच चालला: जंगम वस्तु ज्याच्या हातीं, सद्भावानें आली असेल तर, त्याचीच मानावी, मात्र चोरीची असल्यास मूळ मालकानें तीन वर्षांच्या आंत मागावी. पहिला नियम ज्याचें गेलें त्याची कड घेतो; दुसरा ज्यानें भोळेपणानें घेतलें त्याची. दोघेहि निरपराध, आणि चोर तर बहुधा कोणाच्याच हातीं लागत नाहीं. न्यायाची खरी परीक्षा दुष्ट व सज्जन यांच्या झगड्यांत होत नाहीं. ती दोन सज्जनांच्या झगड्यांत होते.

हा झगडा किती लांबतो याचें उदाहरण म्हणजे १९५४ सालची एक फेरारी, '३७५ प्लस' जातीची, क्रमांक ०३८४. ही शर्यतीची गाडी ओहायो राज्यांतील एका गृहस्थाकडे गेली व तेथें वर्षानुवर्षें सुटी होऊन पडली. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ती चोरीस गेली, समुद्रापलीकडे बेल्जममध्यें पोंचली आणि तेथें नव्यानें बांधली गेली. कांहीं सुटे भाग मात्र मूळ मालकाकडेच राहिले. एकाकडे सांगाडा, दुसऱ्याकडे उरलेले अवयव. एकाकडे चोरीची फिर्याद, दुसऱ्याकडे खरेदीची पावती! १९९९ मध्यें तडजोड झाल्याचें एका पक्षानें म्हणावें, ती बंधनकारक नाहीं असें दुसऱ्यानें म्हणावें, असें पुढेंहि चाललें. अखेर २०१४ मध्यें सर्व हक्कदारांच्या संमतीनें इंग्लंडांत गुडवुड येथें लिलांव झाला आणि गाडी एक कोटी पौंडांहून अधिक किंमतीस गेली. इतकें होऊनहि प्रकरण मिटलें नाहीं. तें पुन्हां लंडनच्या न्यायालयांत गेलें. यावरून एक बोध घ्यावा. पैसा दिल्यानें मालकी शुद्ध होत नाहीं. आणि एकदां मळलेली मालकी किंमत वाढेल तसतशी अधिकच मळते, कारण मागें हटण्यास कोणीच तयार होत नाहीं.

'कोणती' या प्रश्नावरील सर्वांत विचारपूर्वक निकाल मात्र लंडनच्या हायकोर्टांत १९९० च्या जुलैंत न्यायमूर्ति ऑटन यांनीं दिला. वाद बेंटले कंपनीच्या 'ओल्ड नंबर वन' या गाडीचा होता. ही साडेसहा लिटरची 'स्पीड सिक्स' गाडी १९२९ मध्यें ल मां येथील चोवीस तासांची शर्यत वुल्फ बार्नाटो व टिम बर्किन यांच्या हातून जिंकली. १९३० मध्यें बार्नाटो व ग्लेन किडस्टन यांच्या हातून पुन्हां जिंकली. प्रत्येक शर्यतीनंतर तिचे भाग बदलले जात. १९३२ मध्यें तिला आठ लिटरचें इंजिन बसवून ब्रुकलँड्स येथील पांचशें मैलांच्या शर्यतींत उतरविलें, आणि त्याच शर्यतींत ती उतरत्या तटावरून बाहेर फेंकली जाऊन क्लाइव्ह डनफी हा तिचा तरुण सारथि ठार झाला. त्यानंतर बार्नाटोनें ती नव्यानें बांधवून तिच्यावर बंद छपराचा सांटा चढविला. पुढें आणखी हात फिरले, आणखी दुरुस्त्या झाल्या. १९९० सालीं तत्कालीन मालकानें ती एक कोटी पौंडांस विकण्याचा करार केला. परंतु घेणाऱ्या कंपनीनें, ही ती गाडीच नव्हे, असें म्हणून पैसे देण्याचें नाकारलें.

न्यायमूर्तींनीं लोखंडाची झडती कसोशीनें घेतली. १९२९ ची शर्यत जिंकणाऱ्या गाडीचें म्हणून खात्रीनें दाखवितां येईल असें जवळजवळ कांहींच उरलेलें नव्हतें. १९३० च्या गाडीचें पाहूं गेल्यास पायपट्टीचा दांडा, गिअरच्या पेटीचें कवच, सुकाणूचा खांब, एवढेंच. १९३२ च्या गाडीचे मात्र कांहीं मोठे अवयव शिल्लक होते. केवळ फळ्या मोजावयाच्या असत्या तर निकाल उघड होता. परंतु न्यायमूर्तींनीं शब्दांचा विवेक केला. ही गाडी 'मूळची जशीच्या तशी' आहे असें म्हणतां येणार नाहीं, असें त्यांनीं मानलें. तथापि तिचा इतिहास अखंड आहे. ती कधीं नाहींशी झाली नाहीं. तिचे अवयव एकदम नव्हे, क्रमाक्रमानें, तिचा उपयोग चालू असतांना बदलले. आणि त्या नांवावर हक्क सांगणारी दुसरी कोणतीच गाडी जगांत नाहीं. म्हणून 'ओल्ड नंबर वन' हें नांव हिलाच योग्य, आणि करार पाळला पाहिजे, असा त्यांनीं निर्णय दिला.

कांहीं जाणत्यांना हा निकाल रुचला नाहीं. चाळीस रुपयांची जुनी कुऱ्हाड, दोनदां पातें व तीनदां दांडा बदलूनहि आजोबांचीच, असला हा न्याय, अशी त्यांची थट्टा. परंतु आमच्या मतें न्यायमूर्तींनीं इतिहासकाराचेंच काम केलें. गांव, घराणें, भाषा, देऊळ यांपैकीं कोणत्या वस्तूचा मूळ परमाणु न् परमाणु शिल्लक असतो ? तरी आपण त्यांस तेंच म्हणतों, कारण मध्यें कोठें खंड पडलेला नसतो, आणि खंड पडला नाहीं हें दाखविणारा पुरावा असतो. या निकालांत एक अट मात्र गर्भित आहे, तिच्याकडे थट्टेखोरांचें लक्ष गेलेलें नाहीं: दुसरा हक्कदार नसला पाहिजे. हॉब्जचें दुसरें जहाज बंदरांत आलें कीं केवळ अखंडता पुरत नाहीं. मग मूळ फळ्यांचाहि हिशेब द्यावा लागतो.

न्यायमूर्तीच्या या सारासार विचाराशेजारीं कायद्याचा आंधळेपणा ठेवून पाहावा. अमेरिकेंतील कॅन्सस राज्यांतील एका गृहस्थानें १९५९ सालची एक कॉर्व्हेट गाडी २०१६ मध्यें इंडियाना राज्यांतील व्यापाऱ्याकडून पन्नास हजार डॉलरला घेतली. २०१७ मध्यें तो ती नोंदविण्यास गेला. तपासनिसास दिसलें कीं, क्रमांकाची पट्टी पूर्वीं केव्हां तरी काढून पुन्हां बसविली आहे. जुन्या गाडीचा जीर्णोद्धार करतांना गंज खरवडण्यासाठीं व रंग देण्यासाठीं पट्टी काढावी लागते, यांत नवल नाहीं. परंतु चोरांना आळा घालण्यासाठीं केलेल्या त्या राज्याच्या कायद्यांत पट्टी काढणाराचा हेतु विचारण्याची सोय नव्हती. गाडी जप्त झाली, आणि अशा गाडीचा नाश करावा अशी कायद्याची आज्ञा होती. गाडी चोरीची आहे असें कोणींच म्हटलें नव्हतें. या मालकाचा अपराध आहे असेंहि नव्हतें. तरी सुमारें पांच वर्षें गाडी सरकारच्या ताब्यांत पडून राहिली. शेवटीं २०२२ मध्यें विधिमंडळानें जुन्या गाड्यांच्या जीर्णोद्धारासाठीं कायद्यांत अपवाद घातला, आणि त्यानंतर गाडी मालकास परत मिळाली.

हा प्रकार वाचतांना महाराष्ट्रांतील जाणत्या वाचकास इनाम कमिशनची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. १८५२ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत हें कमिशन बसलें आणि पिढ्यान् पिढ्या उपभोगलेल्या इनामांची मूळ सनद पुढें आणा, असें घरोघर सांगूं लागलें. ज्यांच्या सनदा वाळवीनें खाल्ल्या, लुटींत गेल्या, किंवा भाऊबंदकींत दुसऱ्याच्या पेटींत राहिल्या, त्यांना प्रत्यक्ष वहिवाटीचें बळ पुरें पडलें नाहीं. कागद मागण्यांत सरकारची चूक नव्हती, कारण खोट्या सनदाहि होत्याच. चूक होती ती कागद नाहीं म्हणजे हक्कच नाहीं, असें धरण्यांत. पट्टीचे खिळे वेगळे म्हणजे गाडी चोरीचीच, हा तर्क त्याच जातीचा. पुरावा हा सत्याकडे नेणारा रस्ता आहे. रस्ता खचला म्हणून गांव नाहींसें होत नाहीं.

याच्या उलट टोंकास अति सैलपणाचाहि दोष आहे. न्यूयॉर्क राज्य १९७२ व त्यापूर्वींच्या गाड्यांस मालकीपत्र देतच नाहीं. नोंदणीपत्रावरच व्यवहार चालतो. व्हरमाँट राज्य तर पंधरा वर्षांहून जुनी गाडी परगांवच्या मनुष्याच्या नांवेंहि टपालानें नोंदून देत असे, आणि देशभरचे कागद हरवलेले लोक तेथून नोंद मिळवून आपल्या राज्यांत मालकीपत्र काढीत. त्यांत बहुतेक प्रामाणिक होते; परंतु दार उघडें असलें कीं पाहुण्याबरोबर चोरहि शिरतो. २०२३ मध्यें तें दार लोटून घेण्यांत आलें.

आमच्या देशांत या विषयाला निराळी गुंतागुंत आहे. येथील उत्तमोत्तम जुन्या गाड्या संस्थानिकांच्या पदरच्या. कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजीं आणि बडोदें १ मे १९४९ रोजीं मुंबई राज्यांत विलीन झालें. राज्य गेलें, खातीं बदललीं, गाड्या नातलगांस, कारभाऱ्यांस, चित्रपटवाल्यांस गेल्या. कागद गेले कीं नाहीं हें ज्याच्या त्याच्या नशिबावर. अशा गाड्यांसाठीं केंद्र सरकारनें २०२१ च्या जुलैंत निराळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षें उलटलेली, धंद्यासाठीं न वापरलेली, आणि सांगाडा, सांटा व इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी वा चारचाकी गाडी 'व्हीए' या अक्षरांच्या मालिकेंत नोंदतां येते. पहिल्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षें, आणि पुन्हां नोंदणीस पांच हजार. परदेशांतून आलेल्या गाडीस जकातीचा कागद लागतो, आणि पूर्वीं नोंदलेल्या गाडीस जुनें नोंदणीपत्र.

घरांत अशी गाडी असलेल्यांनीं आजच काय करावें, तें सांगणें इतिहासाच्या अभ्यासकास शोभण्यासारखेंच आहे. आधीं लोखंड वाचावें: सांगाड्यावर, इंजिनावर, सांट्यावर जे जे क्रमांक असतील ते ते आर. टी. ओ.ची माणसें घेतात तसे कागद ठेवून पेन्सिलीनें घासून उतरून घ्यावे, आणि त्यावर तारीख घालावी. अस्पष्ट क्रमांक 'उजळण्यासाठीं' त्यावर छिन्नी कदापि चालवूं नये. खरा क्रमांक पुन्हां ठोकला कीं तो खोट्यासारखा दिसूं लागतो. पट्टी काढण्याची पाळीच आली तर काढण्यापूर्वीं व बसविल्यानंतर छायाचित्रें घ्यावीं, आणि जुने खिळेहि पुडींत बांधून ठेवावे. नंतर कागद गोळा करावे: नोंदणीपत्र, कराच्या पावत्या, विम्याचे तुकडे, गॅरेजचीं बिलें, आजोबांच्या रोजकीर्दींतील पेट्रोलाची नोंद, लग्नांतील छायाचित्रांत मागें दिसणारी पाटी. शेवटीं मालकांची वंशावळ मांडावी व प्रत्येक हस्तांतराला एक तरी कागद लावावा. जेथें दुवा नाहीं तेथें 'नाहीं' असें स्वच्छ लिहावें. कारण उघडी खिंड भरून काढतां येते, परंतु खोट्यानें बुजविलेली खिंड सांपडली कीं सारी भिंतच संशयांत येते.

राजा मिलिंदाला मिळालें तें उत्तर तत्त्वज्ञानाला पुरेसें होतें: रथ हें नांव आहे, अवयवांच्या आश्रयानें चालणारें. व्यवहाराला तें पुरत नाहीं, कारण व्यवहारांत त्या नांवावर कोणाची तरी पुंजी, कोणाचा तरी विश्वास, आणि कधीं कोणाचा प्राणहि खर्ची पडलेला असतो. तें नांव टिकविणें हें अवयवांच्या हातीं नाहीं. ज्यांच्या ज्यांच्या हातून रथ गेला, त्यांनीं तो घेतांना व देतांना खरें लिहून ठेवलें कीं नाहीं, यावर तें अवलंबून आहे.